जमा, खर्च आणि घट : अणुविखंडनाचे समीकरण

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आमच्याकडे लेख मागितला तेव्हा, आम्ही इतिहासाचे शिक्षक असल्यामुळे, महाडचा सत्याग्रह, येवल्याची घोषणा किंवा नागपूरची धम्मदीक्षा यांपैकी एखादा विषय आम्ही घेऊ अशी त्यांची अपेक्षा असावी. त्या विषयांवर या अंकात आमच्याहून अधिकारी मंडळी लिहीत आहेत. आम्ही मात्र रसायनशास्त्रातील एक समीकरण निवडले आहे. त्यास कारण आहे. एका विद्यार्थिनीचे उत्तर आमच्याकडे बाकी आहे.

वरवट बकालच्या आपल्या निवासी शाळेत संध्याकाळच्या अभ्यासिकेवर देखरेख करण्याची पाळी सर्वच शिक्षकांवर येते. अशाच एका संध्याकाळी विज्ञानाचे शिक्षक रजेवर होते आणि अभ्यासिकेत आम्ही बसलो होतो. दहावीच्या वर्गातील एक मुलगी वही घेऊन आली. तिचे आईवडील शेतमजूर. कापूस वेचणीच्या दिवसांत ती सुटीत घरी गेली की आईबरोबर वेचणीला जात असे. वहीत तिने अणुविखंडनाचे समीकरण सुबक अक्षरांत उतरवून घेतले होते. ती म्हणाली, “सर, बाणाच्या अलीकडं २३६ अन् पलीकडंबी २३६च. काहीच कमी नाही झालं. मंग एवढी ऊर्जा आली कुठून?”

आम्हांस उत्तर ठाऊक नव्हते. ‘ठाऊक नाही, उद्या पाहून सांगतो’ एवढे म्हणण्याचा प्रामाणिकपणाही त्या क्षणी आमच्याकडून झाला नाही. “पुस्तकात शेवटी ‘ऊर्जा’ असे लिहिले आहे ना, मग तेवढे लिहायचे. परीक्षेत याहून अधिक विचारत नाहीत,” असे सांगून आम्ही तिला परत पाठविले. तिने “बरं सर” म्हटले आणि वही मिटली. पुढे ती चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली आणि तिने कला शाखा घेतली. आम्ही स्वतः कला शाखेचे. त्या शाखेस आम्ही कमी लेखत नाही. परंतु ज्या मुलीच्या मनात असा प्रश्न उभा राहतो, तिची वही आम्ही मिटवली, ही गोष्ट आम्हांस विसरता आलेली नाही. नंतर आम्ही विज्ञानाच्या सहकाऱ्यांकडे बसून हा भाग शिकलो. जे शिकलो ते येथे क्रमाने मांडत आहोत. दहावीच्या आणि अकरावीच्या मुलांना त्याचा उपयोग व्हावा आणि तिच्यापर्यंत हा अंक पोहोचला तर तिला तिचे उत्तर मिळावे, एवढाच हेतू आहे.

नेहमीचे समीकरण आणि हे समीकरण

रासायनिक समीकरण संतुलित करणे आपण आठवी-नववीपासून शिकतो. हायड्रोजनचे दोन रेणू आणि ऑक्सिजनचा एक रेणू यांच्या संयोगातून पाण्याचे दोन रेणू तयार होतात. बाणाच्या डावीकडे हायड्रोजनचे चार अणू, उजवीकडेही चार; डावीकडे ऑक्सिजनचे दोन, उजवीकडेही दोन. येथे अणूंची केवळ जोडीदारी बदलते. हायड्रोजन हायड्रोजनच राहतो, ऑक्सिजन ऑक्सिजनच राहतो. म्हणून नियम सोपा असतो: प्रत्येक मूलद्रव्याचे अणू दोन्हीकडे सारखे असले पाहिजेत.

विखंडनाच्या समीकरणास हा नियम लावावयास गेलो तर पहिल्याच पायरीवर अडखळतो. डावीकडे युरेनियम आहे आणि उजवीकडे युरेनियमचा पत्ताच नाही. तेथे बेरियम व क्रिप्टॉन अशी दोन निराळीच मूलद्रव्ये उभी आहेत. अनेक मुले येथेच गोंधळून समीकरण पाठ करण्याच्या मागे लागतात. गोंधळाचे कारण असे, की रासायनिक अभिक्रियेत अणूच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांची देवघेव होते, तर येथे प्रत्यक्ष अणुकेंद्रकच फुटते. मूलद्रव्याची ओळख केंद्रकातील प्रोटॉनांच्या संख्येवर ठरते. केंद्रक फुटले की ती ओळखही पालटते. मग अशा उलथापालथीत कायम काय राहते? दोन गोष्टी कायम राहतात, आणि त्या दोन गोष्टींच्या दोन वह्या ठेवल्या की समीकरण जुळते.

पहिली वही वरची, दुसरी वही खालची

प्रत्येक केंद्रकाच्या संज्ञेसोबत दोन अंक लिहितात. वर लिहिलेला अंक म्हणजे अणुवस्तुमानांक, अर्थात केंद्रकातील प्रोटॉन व न्यूट्रॉन यांची एकूण संख्या. खाली लिहिलेला अंक म्हणजे अणुअंक, अर्थात केवळ प्रोटॉनांची संख्या. हाच केंद्रकावरील धन विद्युतप्रभारही होय. छपाईच्या सोयीसाठी आम्ही येथे हे दोन अंक कंसात एकापुढे एक लिहितो: पहिला वरचा, दुसरा खालचा. त्याप्रमाणे युरेनियम-२३५ म्हणजे (२३५, ९२). न्यूट्रॉनवर प्रभार नसतो, म्हणून तो (१, ०). प्रोटॉन (१, १). केंद्रकातून बाहेर पडणारा इलेक्ट्रॉन, ज्यास बीटा कण म्हणतात, तो (०, उणे १). अल्फा कण (४, २).

आता पाठ्यपुस्तकातील प्रसिद्ध समीकरण पाहू:

युरेनियम (२३५, ९२) + न्यूट्रॉन (१, ०) → बेरियम (१४१, ५६) + क्रिप्टॉन (९२, ३६) + ३ न्यूट्रॉन (१, ०) + ऊर्जा

वरची वही: डावीकडे २३५ + १ = २३६. उजवीकडे १४१ + ९२ + ३ = २३६.
खालची वही: डावीकडे ९२ + ० = ९२. उजवीकडे ५६ + ३६ + ० = ९२.

दोन्ही वह्या जुळल्या, म्हणजे समीकरण संतुलित झाले. एवढाच नियम आहे. परीक्षेत बहुधा एखादी जागा रिकामी ठेवून ती भरावयास सांगतात. समजा, युरेनियम-२३५ वर न्यूट्रॉन आदळून झेनॉन (१४०, ५४) व स्ट्राँशियम (९४, ३८) तयार झाले, तर किती न्यूट्रॉन बाहेर पडले? खालची वही आधी तपासावी: ५४ + ३८ = ९२, ती आधीच जुळलेली आहे; म्हणजे उरलेल्या कणांवर प्रभार नाही. वरच्या वहीत १४० + ९४ = २३४, आणि हवेत २३६. दोन कमी पडतात. म्हणून २ न्यूट्रॉन.

दुसरा प्रकार: एक तुकडा टेल्युरियम (१३७, ५२) आहे, २ न्यूट्रॉन सुटले आहेत, तर दुसरा तुकडा कोणता? खालच्या वहीत ९२ मधून ५२ वजा केले की ४० उरतात. ४० अणुअंकाचे मूलद्रव्य आवर्तसारणीत पाहावे, ते झिर्कोनियम. वरच्या वहीत २३६ मधून १३७ व २ वजा केले की ९७ उरतात. म्हणून झिर्कोनियम (९७, ४०). मूलद्रव्याचे नाव नेहमी खालच्या अंकावरून ठरते, वरच्यावरून नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. युरेनियम फुटल्यावर बेरियम व क्रिप्टॉनच मिळतात असे अनेक मुलांना वाटते. प्रत्यक्षात ते केंद्रक अनेक तऱ्हांनी फुटते आणि मोठ्या संख्येने निरनिराळ्या जोड्या तयार होतात. वर दिलेली तिन्ही उदाहरणे खरीच आहेत. पुस्तकातील समीकरण हा त्यांतील एक नमुना आहे. म्हणूनच समीकरण पाठ करण्यापेक्षा दोन वह्या जुळविण्याची रीत शिकणे अधिक उपयोगी ठरते.

केवळ वरची वही जुळविणाऱ्याची चूक

मुलांची सर्वाधिक चूक कोणती होते, असे आम्ही विज्ञानाच्या सहकाऱ्यांस विचारले. ते म्हणाले, “वरचे अंक जुळवतात आणि खालचे विसरतात.” पुढे या विषयाचा इतिहास वाचताना आम्हांस आढळले, की ही चूक एका फार मोठ्या माणसाच्या हातूनही झाली होती.

डिसेंबर १९३८ मध्ये बर्लिन येथे ऑटो हान आणि फ्रिट्झ स्ट्रासमान हे दोन रसायनशास्त्रज्ञ युरेनियमवर न्यूट्रॉनांचा मारा करून काय तयार होते ते तपासत होते. त्यांस वाटत होते, की युरेनियमच्या जवळचे रेडियम मिळेल. पण काटेकोर रासायनिक पृथक्करणात तो पदार्थ बेरियमसारखा वागे. ९२ अणुअंकाच्या युरेनियममधून ५६ अणुअंकाचे बेरियम निघावे कसे? हान यांनी हा पेच आपल्या जुन्या सहकारी लिझे माइटनर यांस पत्राने कळविला.

या माइटनरबाईंची हकीकत आपल्या शाळेतील प्रत्येक मुलीने वाचावी अशी आहे. त्यांचा जन्म व्हिएन्ना येथील ज्यू कुटुंबात १८७८ साली झाला. १९०७ मध्ये त्या संशोधनासाठी बर्लिनला गेल्या तेव्हा तेथील रसायनशास्त्र संस्थेत स्त्रियांस प्रवेश नव्हता. तळघरातील एका जुन्या सुतारकामाच्या खोलीत काम करण्याची परवानगी त्यांना मिळाली, तीही वेगळ्या दाराने ये-जा करण्याच्या आणि वरच्या प्रयोगशाळांत न जाण्याच्या अटीवर. वेगळे दार म्हणजे काय, हे आपल्या समाजास कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. तीस वर्षे काम करून त्या अग्रगण्य भौतिकशास्त्रज्ञ झाल्या. परंतु जुलै १९३८ मध्ये नाझी राजवटीमुळे त्यांना जर्मनी सोडून पळून जावे लागले. हान यांचे पत्र आले तेव्हा त्या स्वीडनमध्ये निर्वासित होत्या.

त्या वर्षीच्या नाताळात कुंगेल्व या गावी त्यांचा भाचा ऑटो फ्रिश त्यांना भेटावयास आला होता. तोही भौतिकशास्त्रज्ञ. बर्फातून फिरताना दोघांत या पत्रावर चर्चा झाली आणि एका ओंडक्यावर बसून त्यांनी कागदाच्या कपट्यांवर आकडेमोड केली. युरेनियमचे केंद्रक पाण्याच्या थेंबासारखे ताणले जाऊन मधोमध दुभंगते, हा त्यांचा निष्कर्ष होता. फ्रिश यांनी त्यास जीवशास्त्रातील पेशीविभाजनावरून नाव दिले. मराठीत आपण त्यालाच विखंडन म्हणतो.

इकडे हान व स्ट्रासमान यांचा निबंध ६ जानेवारी १९३९ रोजी प्रसिद्ध झाला. केंद्रक दुभंगत असावे अशी शंका त्यांनीही त्यात मांडली होती आणि बेरियमसोबतचा दुसरा तुकडा मासुरियम, म्हणजे ४३ अणुअंकाचे मूलद्रव्य, असावा असे सुचविले होते. आधार काय? बेरियमचे १३८ आणि मासुरियमचे १०१ मिळून २३९ होतात. युरेनियम-२३८ व एक न्यूट्रॉन मिळूनही २३९च होतात. वरची वही जुळली! पण खालची? ५६ + ४३ = ९९, आणि हवेत ९२. सात प्रभार अधिक झाले. आयुष्यभर अणुभारांशी व्यवहार केलेल्या रसायनशास्त्रज्ञाचे लक्ष वजनाकडे गेले आणि प्रभाराकडे गेले नाही. माइटनर व फ्रिश यांनी खालची वही उघडली: ९२ वजा ५६ म्हणजे ३६, आणि ३६ म्हणजे क्रिप्टॉन. त्यांचे टिपण ११ फेब्रुवारी १९३९ रोजी ‘नेचर’ या नियतकालिकात छापले गेले.

हान यांचा प्रयोग थोर होता, यात शंका नाही. त्या प्रयोगावाचून पुढचे काहीच झाले नसते. परंतु १९४४ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक एकट्या हान यांना मिळाले. माइटनरबाईंना नोबेल कधीच मिळाले नाही. पुढे १०९ अणुअंकाच्या मूलद्रव्यास त्यांच्या स्मरणार्थ माइटनेरियम हे नाव देण्यात आले आणि आवर्तसारणीत तरी त्यांस जागा मिळाली. इतिहासाच्या शिक्षकास यातून जे दिसते ते असे, की हिशेब पुरा तपासल्याशिवाय कोणाचाही शब्द, तो कितीही मोठ्या नावाचा असो, अंतिम मानू नये.

तिसरी वही : घट

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. दोन्हीकडे २३६ आहेत, दोन्हीकडे ९२ आहेत. मग ऊर्जा आली कुठून?

उत्तराची किल्ली अशी, की २३६ ही संख्या आहे, वजन नव्हे. ‘अणुवस्तुमानांक’ या शब्दात ‘वस्तुमान’ असल्यामुळे आपली फसगत होते. तो अंक म्हणजे केंद्रकातील कणांचे नग मोजल्याचा आकडा आहे.

उन्हाळ्यात आपल्या घरी पापड वाळत घालतात. सकाळी ओले शंभर पापड मोजून खाटेवर घातले आणि संध्याकाळी वाळलेले मोजून उचलले, तरी ते शंभरच भरतात. पण सकाळी आणि संध्याकाळी तराजूत घातले तर वजनात फरक पडतो, कारण पाणी उडून गेलेले असते. नग कायम, वजन कमी. आपल्याकडील जिनिंगमध्येही कापसाची रुई आणि सरकी वेगळी झाल्यावर दोहोंचे वजन आणलेल्या कापसाइतके भरत नाही. राहिलेल्या फरकास तेथे घट म्हणतात आणि तिचा हिशेब वेगळा लिहितात.

विखंडनातही अशीच घट येते. फरक इतकाच, की पापडातील घट म्हणजे उडालेले पाणी असते आणि जिनिंगमधील घट म्हणजे धूळ, कचरा व ओल असते. ती पुन्हा गोळा करता आली तर वजन भरून निघेल. विखंडनात मात्र बाहेर पडलेला कोणताही कण मोजावयाचा राहिलेला नसतो. सर्व २३६ कण हजर असतात आणि तरीही एकूण वस्तुमान कमी भरते. हे कमी झालेले वस्तुमानच ऊर्जेच्या रूपाने बाहेर पडते.

प्रत्यक्ष आकडे घेऊ. अणूंचे वस्तुमान मोजण्यासाठी कार्बन-१२ च्या अणूच्या बाराव्या भागास एकक मानतात. त्या एककात:

युरेनियम-२३५ : २३५.०४३९
एक न्यूट्रॉन : १.००८७
डावीकडची बेरीज : २३६.०५२६

बेरियम-१४१ : १४०.९१४४
क्रिप्टॉन-९२ : ९१.९२६२
तीन न्यूट्रॉन : ३.०२६०
उजवीकडची बेरीज : २३५.८६६६

घट : ०.१८६०

ही घट प्रोटॉनच्या वस्तुमानाच्या पाचव्या भागाच्या आसपास आहे. माइटनरबाईंनी त्या ओंडक्यावर बसून काढलेला अंदाजही प्रोटॉनच्या एक पंचमांशाचाच होता. आइन्स्टाइन यांच्या सूत्राप्रमाणे वस्तुमानाच्या एका एककाची ऊर्जा ९३१.५ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट होते. त्यास ०.१८६० ने गुणले की सुमारे १७३ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट मिळतात. तुकडे पुढे किरणोत्सार करतात त्याची ऊर्जा धरली, तर एका विखंडनामागे एकूण ऊर्जा २०० दशलक्षांच्या घरात जाते.

घट का येते, हेही थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. केंद्रकातील कण एकमेकांस धरून असतात. ही पकड जितकी घट्ट, तितके प्रत्येक कणाच्या वाट्यास येणारे वस्तुमान कमी. युरेनियमसारख्या अवजड केंद्रकात ही पकड थोडी सैल असते. बेरियम, क्रिप्टॉन यांसारख्या मध्यम केंद्रकांत ती अधिक घट्ट असते. सैल घरातून घट्ट घरात जाताना प्रत्येक कण आपल्या वस्तुमानाचा किंचित अंश सोडतो. असे २३६ कणांचे किंचित अंश मिळून ती घट होते.

कोळसा जळताना कार्बनच्या एका अणूमागे सुमारे ४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा मिळते. त्या मानाने युरेनियमचा एक अणू सुमारे पाच कोटी पट ऊर्जा देतो. शेगावच्या स्थानकावर उभे राहिले की कोळशाने भरलेल्या मालगाड्या दिसतात. आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यातील पारसचे औष्णिक विद्युत केंद्र कोळशावरच चालते. एक किलो युरेनियम-२३५ चे संपूर्ण विखंडन झाले, तर उत्तम प्रतीच्या अडीच ते तीन हजार टन कोळशाइतकी उष्णता मिळते.

तर मुली, तुझे निरीक्षण अचूक होते. नगांत काहीच कमी झाले नव्हते. कमी झाले ते वजनात, आणि वजनाची वही समीकरणात छापलेली नसते. ‘+ ऊर्जा’ या दोन शब्दांत ती दडलेली असते.

उजवीकडचा तीनचा आकडा

समीकरणाच्या उजवीकडे ३ न्यूट्रॉन आहेत, डावीकडे १. एक खर्च केला आणि तीन जमा झाले. हे तिन्ही न्यूट्रॉन पुढे तीन केंद्रके फोडू शकतात, त्यांतून नऊ, नऊंतून सत्तावीस. हीच साखळी अभिक्रिया. युरेनियम-२३५ च्या निरनिराळ्या विखंडनांची सरासरी घेतली तर दर विखंडनामागे अडीचच्या जवळपास न्यूट्रॉन सुटतात. त्यांतील सरासरी एकाच न्यूट्रॉनास पुढचे विखंडन करू दिले आणि उरलेले शोषून घेतले, तर ऊर्जा एकसारख्या गतीने मिळत राहते, ही अणुभट्टी. कोणताच लगाम ठेवला नाही, तर तो बॉम्ब. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर टाकलेला बॉम्ब युरेनियमचा होता आणि ९ ऑगस्टचा नागासाकीवरील प्लुटोनियमचा. समीकरण दोन्हीकडे एकाच रीतीने जुळते. त्याचे काय करावयाचे हे माणसाने ठरवावयाचे असते.

आपल्या महाराष्ट्रात ट्रॉम्बे येथे ‘अप्सरा’ ही अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी प्रथम कार्यान्वित झाली. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूर येथे बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. तारापूर येथील अणुविद्युत केंद्र १९६९ पासून वीज देऊ लागले. तेथील पहिल्या दोन अणुभट्ट्यांत समृद्ध युरेनियम वापरतात, तर नंतरच्या, प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या दोन अणुभट्ट्यांत नैसर्गिक युरेनियम आणि जड पाणी. नैसर्गिक युरेनियममध्ये युरेनियम-२३५ चे प्रमाण शेकडा ०.७ इतकेच असते, म्हणून न्यूट्रॉनांची गती कमी करून त्यांचा पुरेपूर उपयोग करून घ्यावा लागतो. ते काम जड पाणी करते.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना वीज हा विषय त्यांच्याकडे होता आणि उद्योगधंद्यांसाठी वीज स्वस्त व मुबलक असली पाहिजे, ही भूमिका त्यांनी १९४३ मध्येच मांडली होती. त्यांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने घडविलेल्या संविधानाच्या सातव्या अनुसूचीत, संघ सूचीच्या सहाव्या क्रमांकावर ‘अणुऊर्जा’ हा विषय आहे. आपण वाचतो त्या संविधानात हा शब्द आहे, हे आपल्या मुलांस माहीत असावे.

एक अवघड गोष्टही सांगितली पाहिजे. १८ मे १९७४ रोजी पोखरण येथे जी अणुचाचणी झाली, तिच्यासाठीचे प्लुटोनियम ट्रॉम्बेच्या ‘सायरस’ या अणुभट्टीत तयार झाले होते. त्या चाचणीशी हसऱ्या बुद्धाचे नाव जोडले गेले. विज्ञानाविषयी आमच्या मनात आदर आहे. तरीही ते नाव वाचताना आम्ही आजही अवघडतो.

विखंडनानंतरचाही हिशेब असतो. बेरियम-१४१ टिकाऊ नसते. दर १८ मिनिटांनी त्याचे प्रमाण निम्मे होते आणि त्याचे लँथेनम होते: बेरियम (१४१, ५६) → लँथेनम (१४१, ५७) + इलेक्ट्रॉन (०, उणे १). खालची वही पाहा: ५७ + (उणे १) = ५६. अशा रीतीने तुकडे किरणोत्सार करीत राहतात; काही मिनिटांपुरते, काही अनेक वर्षे. अणुभट्टीतील वापरलेले इंधन सांभाळून का ठेवावे लागते, त्याचे एक मोठे कारण हेच आहे.

विद्यार्थ्यांसाठी

चुका साधारणपणे तीन ठिकाणी होतात. पहिली, डावीकडचा एक न्यूट्रॉन बेरजेत धरावयाचा राहतो आणि २३६ ऐवजी २३५ घेतले जातात. दुसरी, ‘३ न्यूट्रॉन’ असे असताना वरच्या अंकास तीनने गुणण्याचे राहून जाते. तिसरी, बीटा कणाचा खालचा अंक उणे आहे हे विसरले जाते. या तीन जागा तपासून पुढील उदाहरणे सोडवावीत.

१) युरेनियम (२३५, ९२) + न्यूट्रॉन (१, ०) → सीझियम (१४४, ५५) + ? + २ न्यूट्रॉन
२) प्लुटोनियम (२३९, ९४) + न्यूट्रॉन (१, ०) → झेनॉन (१३४, ५४) + झिर्कोनियम (१०३, ४०) + किती न्यूट्रॉन?
३) युरेनियम (२३९, ९२) → नेपच्युनियम (२३९, ९३) + ?

उत्तरे : १) रुबिडियम (९०, ३७), २) ३ न्यूट्रॉन, ३) इलेक्ट्रॉन (०, उणे १).

उत्तर जुळले नाही किंवा जुळूनही मनात शंका उरली, तर वही घेऊन यावे. अभ्यासिकेची पाळी आमच्याकडे आजही असते. आम्हांस येत नसेल तर तसे सांगू आणि दुसऱ्या दिवशी विचारून येऊ.